वांद्र्याची गिटार, बीडचा हंगाम

मुंबईत वांद्र्याच्या हिल रोडवर मेहबूब स्टुडिओ आहे. दिग्दर्शक मेहबूब खान यांनी तो १९५४ मध्ये उभारला आणि सावकाराच्या कर्जात पिढ्या घालवणाऱ्या शेतकरी कुटुंबाची गोष्ट सांगणाऱ्या ‘मदर इंडिया’चं बरंचसं अंतर्गत चित्रीकरण तिथंच केलं. फेब्रुवारी २०११ मधल्या एका शनिवार-रविवारी याच स्टुडिओत ‘महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल’ पहिल्यांदा भरला. शिकागोचे बडी गाय आले, जॉनी लँग आले, गायिका शेमेकिया कोपलँड आल्या, इंग्लंडहून मॅट स्कोफिल्ड आले, आणि शिलाँगचा ‘सोलमेट’ हा बँड आपल्या खासी डोंगरातून गिटार घेऊन उतरला. पुढं हा महोत्सव फेब्रुवारीचा नेम बनून गेला. ज्या वाद्यावर तो उभा आहे ते एकच: गिटार. गायक कितीही मोठा असो, त्याच्या दोन ओळींमधली जागा गिटारच भरते, आणि लोक खरे त्या जागांसाठीच आलेले असतात.

बीड जिल्ह्यातल्या वाचकानं यात रस का घ्यावा? तिकिटं हजारांच्या घरात, गाणी इंग्रजी, श्रोते बहुतेक वांद्रे-जुहूचे. वरवर पाहता आष्टी-पाटोदा किंवा धारूर-वडवणीच्या माणसाचा या दोन दिवसांशी संबंध नाही. तरीही ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत ज्या मातीतून आलं ती माती वांद्र्याच्या श्रोत्यापेक्षा बीडच्या माणसाला लवकर कळेल, एवढं सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

बडी गाय यांच्यापासूनच सुरुवात करू. जन्म ३० जुलै १९३६, लुईझियाना राज्यातलं लेट्सवर्थ. आईवडील बटईनं कापूस करणारे. मुलगा लहानपणापासून कापूस वेचायचा. शंभर पौंडांना, म्हणजे साधारण पंचेचाळीस किलोंना, अडीच डॉलर मिळायचे. गेवराई-माजलगावच्या बाईला वेचणीचा भाव किलोवर ठरतो हे कोणी शिकवावं लागत नाही, त्यामुळे या आकड्यामागचं कंबरडं तिला दिसेल. घरात वाद्य नव्हतं. डास अडवायला खिडकीला लावलेल्या जाळीच्या तारा उपसून या पोरानं त्यांच्यावर वाजवायला सुरुवात केली. पुढं विद्यापीठाच्या आवारात झाडलोटीची, दुरुस्तीची कामं केली. १९५७ च्या सप्टेंबरात एकविसाव्या वर्षी रेल्वेनं शिकागो गाठलं. पन्नासहून अधिक वर्षांनी तोच माणूस ठिपक्याठिपक्यांचा शर्ट घालून मेहबूब स्टुडिओत उभा होता.

त्यांच्या आईवडिलांची बटई नेमकी काय होती ते समजून घेण्यासारखं आहे. जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, खेचरही मालकाचं. वर्षभराचा किराणा मालकाच्याच दुकानातून उधारीवर. कापूस मोजून झाला की हिवाळ्यात हिशेब. निम्मा माल मालकाचा, उरलेल्यातून उधारी वजा, आणि वही मालकाच्या हातात. अनेक घरांना वर्षाच्या शेवटी हातात काही न येता पुढच्या वर्षाची बाकी तेवढी यायची. बाकी असेल तोवर मळा सोडून जायची चोरी.

आता बीड. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळ्या ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये बसून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. उसाच्या फडाशेजारी पालं पडतात. तोडणी पहाटेच्या अंधारात सुरू होते, बाप तोडतो, आई मोळ्या बांधते, गाडी भरायला रात्र होते. मजुरी टनावर. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये हिशेब, आणि उचल फिटली नाही तर अंगावर बाकी घेऊन पुढचा हंगाम. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती बऱ्याच वर्षांच्या मागण्या, संप आणि वाटाघाटींनंतर. पद्धत मात्र बदलली नाही. आधी पैसे, मग काम, शेवटी वही.

साम्य ताणू नये. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरची व्यवस्था रंगावर उभी होती. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, पण तिची सावली फाशीच्या दोरापर्यंत पोचत राहिली. इथं कारणं वेगळी: पाऊस, विहिरींचं पाणी, जमिनीचे तुकडे, आणि कोण कोयता धरतो नि कोण धरत नाही हे ठरवणारी जात. आणखी एक मोठा फरक आहे, आणि संगीताच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा. १९१० ते १९७० या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले, आणि बहुतेक परतले नाहीत. शिकागोत त्यांची वस्ती झाली, पगार झाले, दारूचे गुत्ते झाले, तिथं वाजवणाऱ्याला रात्रीचे पैसे मिळू लागले. गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना म्हणून ब्लूज गायक मडी वॉटर्स यांनी विजेची गिटार हाती घेतली. १९५० मध्ये चेस रेकॉर्ड्स ही कंपनी निघाली आणि या वस्तीचं गाणं तबकडीवर जाऊन जगभर विकलं गेलं. बीडचा मजूर दरवर्षी जातो आणि दरवर्षी परत येतो. सहा महिने ज्या पालात राहतो ते पाल फड बदलला की हलतं. त्याच्या गाण्याला रुजायला शहरच मिळालं नाही. ऊसतोडीवर कविता आहेत, कथा आहेत, भाषणं तर अमाप आहेत. त्या कामाच्या पोटातून जगाच्या बाजारात गेलेलं संगीत नाही, याचं कारण मजुराच्या गळ्यात शोधू नये, त्याच्या मुक्कामाच्या पत्त्यात शोधावं.

गळा आहे याचा पुरावा तर ध्वनिमुद्रित आहे. संशोधक गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगर वस्तीत बायकांनी डॉ. आंबेडकरांवर म्हटलेल्या ओव्या या संग्रहात आहेत. त्या आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. अमेरिकेत हेच काम १९४१ च्या ऑगस्टमध्ये लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स करत होते: मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडी वॉटर्स यांचा आवाज त्यांनी पहिल्यांदा मुद्रित केला. आपलाच आवाज यंत्रातून ऐकल्यावर त्या ट्रॅक्टरवाल्याला आपण गवई आहोत असं वाटलं, आणि दोन वर्षांत त्यानं शिकागो गाठलं.

ब्लूज म्हटलं की एकटा पुरुष आणि त्याची गिटार असं चित्र उभं राहतं. ते अर्धवट आहे. या संगीताची पहिली गाजलेली तबकडी १९२० मध्ये मॅमी स्मिथ या गायिकेनं भरली, आणि त्या दशकात सर्वांत जास्त मानधन मिळवणाऱ्यांत बेसी स्मिथ होत्या. गाण्याचा साचा तीन ओळींचा: पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि मग उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार मापं, एकूण बारा. जात्यावरच्या ओवीच्या पहिल्या ओळीनंतर क्षणभर थांबून दुसरी ओळ जुळवणाऱ्या बाईला या पुनरावृत्तीचं काम समजावून सांगायची गरज नाही. पहिली ओळ पुन्हा म्हणताना वेळ मिळतो, आणि त्या वेळात तिसरी सुचते.

या साच्यातले स्वर पियानोच्या पट्ट्यांवर नीट बसत नाहीत. गंधार आणि निषाद कोमलही नाहीत, शुद्धही नाहीत. दोन्हींच्या मधे कुठंतरी लोंबकळत ठेवलेले. पाश्चात्त्य पुस्तकांत यावर पानंच्या पानं आहेत. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या कानाला मात्र मींड आणि श्रुती सवयीच्या, त्यामुळे ब्लूजची गिटार पहिल्यांदा ऐकूनही तो दचकत नाही. तारेवर बोट दाबण्याऐवजी काच, धातू किंवा चाकू सरकवला की स्वर एका जागेवरून दुसरीकडे न तुटता जातो. १९०३ च्या सुमारास संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनावर एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला गिटारच्या तारेवर चाकू दाबून वाजवताना ऐकलं. ब्लूजच्या इतिहासात हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला जातो. खेड्यांतली पोरं त्याहून स्वस्तात भागवायची. घराच्या भिंतीवर दोन खिळे, मधे एक तार, खाली आधाराला दगड किंवा बाटली, आणि दुसरी बाटली तारेवर सरकवायला. या एकतारी वाद्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेत सांगतात. गोंधळात संबळाबरोबर वाजणारं तुणतुणंही एका तारेचंच. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा गोंधळ ज्यांनी रात्रभर ऐकलाय त्यांना एका तारेवर किती वेळ माणसं बसवून ठेवता येतात हे माहीत असतं.

तारेवर सरकवण्याची ही कला हवाई बेटांवरूनही निघाली. जोसेफ केकुकू या हवाईच्या तरुणाला तिचं श्रेय दिलं जातं. १९१५ च्या सान फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर हवाईयन गिटारची लाट अमेरिकेत उसळली, आणि १९४० च्या दशकात ताउ मो आणि त्यांचं कुटुंब कलकत्त्यात राहून हीच गिटार वाजवत, शिकवत होतं. पुढं हिंदी चित्रपटांत व्हॅन शिप्ले यांनी विजेची गिटार आणली, आणि सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली चित्रपटगीतं दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी मिनिटं भरायला रेडिओवर इतकी वाजली की परळीच्या चहाच्या टपरीवरल्या माणसालाही तो आवाज ओळखीचा झाला, वाजवणाऱ्याचं नाव माहीत नसलं तरी.

जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी हीच गिटार मांडीवर आडवी ठेवून तिच्यावर राग उभा केला. सरोदवादक अली अकबर खाँ हे त्यांचे गुरू. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी निघाली, आणि भारतीय वाद्यसंगीताच्या सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या तबकड्यांत ती जाऊन बसली. त्यानंतर जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून वीस तारांची मोहनवीणा केली. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या एका चर्चमध्ये अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासोबत त्यांनी वाजवलेलं रेकॉर्डिंग १९९४ मध्ये ग्रॅमी घेऊन आलं. दोघांची ओळख ध्वनिमुद्रणाच्या जेमतेम आधी झाली होती. २००४ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी डॅलसला जगभरच्या गिटारवादकांना बोलावून ‘क्रॉसरोड्स गिटार फेस्टिव्हल’ भरवला, तेव्हा ब्लूजच्या दिग्गजांच्या त्या गर्दीत भट्ट आपली मोहनवीणा मांडीवर घेऊन बसले होते.

हे वर्तुळ मुंबईत अनपेक्षित ठिकाणी येऊन मिळतं. २०१४ मध्ये मेहबूब स्टुडिओत ‘टेडेस्की ट्रक्स बँड’ वाजला. त्यातले डेरेक ट्रक्स हे आजच्या स्लाइड गिटारवादकांतलं फार मोठं नाव. त्यांनी कॅलिफोर्नियात अली अकबर खाँ यांच्या संगीत विद्यालयात शिक्षण घेतलं आहे. म्हणजे जोधपूरचे काबरा आणि फ्लोरिडाचे ट्रक्स हे एकाच उस्तादाच्या सावलीतले. त्या रात्री वांद्र्यात ज्यांनी ट्रक्स यांची काचेची सरक ऐकली, त्यांनी मिसिसिपी ऐकली की खाँसाहेबांचं मैहर घराणं, हे सांगणं सोपं नाही. दोन्ही, असं म्हणायला हरकत नसावी.

महोत्सवाची रचना साधी आहे. एकाहून अधिक मंच, त्यामुळे श्रोत्याला काहीतरी सोडावंच लागतं. भारतातल्या नव्या बँडांसाठी आधी स्पर्धा होते आणि निवडलेल्यांना मोठ्यांच्या मांडवात जागा मिळते. खरी मजा शेवटच्या तासात. दोन दिवस वेगवेगळे वाजवलेले कलावंत एकाच मंचावर येतात, कोणीतरी पट्टी सांगतो आणि सगळे सुटतात. तालीम नसते. बारा मापांचा साचा सगळ्यांच्या अंगवळणी असतो, म्हणून चालतं. शेजारच्या गावचा टाळकरी ऐनवेळी कीर्तनात उभा राहिला तरी त्याला चाल सांगावी लागत नाही, तसंच हे. फरक एवढाच की इथं प्रत्येकाला एकेक फेरा एकट्यानं वाजवायचा असतो, आणि पुढचा कोण हे नजरेनं ठरतं. २०२३ मध्ये शहाऐंशी वर्षांचे बडी गाय पुन्हा मुंबईत आले, तेव्हा याच मेळ्यात १९९९ साली जन्मलेला क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्रामही होता. तो मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा. मडी वॉटर्स यांचा स्टोव्हॉल मळा तिथून जवळच.

क्लार्क्सडेलजवळ आणखी एक मळा आहे, हॉप्सन. १९४४ मध्ये तिथं पेरणीपासून वेचणीपर्यंतचं कापसाचं सगळं काम यंत्रांनी करून दाखवलं गेलं. वेचणीची यंत्रं ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ कंपनीची. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत हातानं कापूस वेचणाऱ्या माणसांची मिसिसिपीला गरज उरली नाही आणि शिकागोच्या गाड्या आणखी भरून जाऊ लागल्या. १९६३ मध्ये याच इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून महिंद्रा कंपनीनं भारतात ट्रॅक्टर बनवायला घेतले. आज ब्लूजच्या मेळ्याला तिचं नाव आहे. यात कोणाचा डाव नाही, इतिहासाचे धागे असेच गुंततात. पण बीडसाठी हा धागा गमतीचा नाही. उसाच्या फडात तोडणी यंत्रं शिरू लागली आहेत, त्यांना सरकारी अनुदान आहे, आणि कोयत्याचं पुढं काय होणार हा प्रश्न शिरूर कासारच्या पारावर आजही विचारला जातो. मिसिसिपीत यंत्र आलं तेव्हा माणसांना जायला कारखान्यांचं शहर होतं.

वाद्य आणि सामुदायिक श्रवण यांची बीडला वाण नाही, हेही इथंच नोंदवायला हवं. अंबाजोगाईच्या दासोपंतांची पदं रागदारीत बांधलेली आहेत, आणि कापडावर ग्रंथ लिहिणारा हा कवी सोळाव्या-सतराव्या शतकातला. त्याच अंबाजोगाईत भगवानराव लोमटे यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह दर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस चालतो. त्यात साहित्य असतं, शेती असते आणि शास्त्रीय संगीताची सभाही असते. खेड्यापाड्यांतल्या अखंड हरिनाम सप्ताहात तर वीणा सात दिवस, सात रात्री खाली ठेवत नाहीत. वीणेकरी पहाऱ्यानं बदलतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. शनिवार-रविवारच्या महोत्सवांच्या काळात सात दिवस एक तारवाद्य उभं धरून ठेवणारी गावं इथं आहेत.

अडचण वेळापत्रकाची आहे. पुण्याचा सवाई गंधर्व डिसेंबरात, अंबाजोगाईचा समारोह नोव्हेंबरात, वांद्र्याचा ब्लूज फेब्रुवारीत. शहरी संगीताचा सगळा मोसम थंडीचा, आणि नेमक्या त्याच महिन्यांत बीडमधली काही लाख माणसं जिल्ह्याबाहेर उसाच्या फडात असतात. ज्यांच्या कामाचं नि कर्जाचं गणित या संगीताशी सर्वांत जवळचं, ते एकाही मांडवात असू शकत नाहीत. बीड शहराला रेल्वेही फार उशिरा मिळाली. अहिल्यानगरची पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला सुटली. परळीत रेल्वे निजामाच्या काळापासून आहे, पण तीही गिटार ऐकायला जाणाऱ्यांसाठी नव्हे.

म्हणून बीडमध्ये कधी कोणी तारवाद्यांचा असा मेळा भरवायचं मनावर घेतलंच, आणि ते अशक्य नाही, तर तारखा मुंबईच्या धरून चालणार नाही. सावरगाव घाटला जन्मलेल्या भगवानबाबांनी सुरू केलेला भगवानगडाचा नारळी सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावात भरतो, साधारण एप्रिलमध्ये, पट्टा पडून टोळ्या गावी आल्यावर. यात्रा-जत्राही तेव्हाच. गिटारचा मांडव घालायचा तर त्याच दिवसांत, आणि उन्हाचा कडाका पाहता रात्री नऊच्या आधी सुरू करण्यात अर्थ नाही. ॲम्प्लिफायरसाठी जनरेटर वेगळा सांगावा लागेल.